‘घर आहे का हो अजून?’: शॉर्ट सेलचा माझा अनुभव

शॉर्ट सेल म्हणजे झटपट व्यवहार, असं मी पहिले दोन आठवडे धरून चालले होते. शब्दच तसा आहे. प्रत्यक्षात कमी पडतात ते पैसे. मालकाच्या डोक्यावरचं कर्ज घराच्या आजच्या भावापेक्षा जास्त, म्हणून बँकेला विनवायचं की येतील तेवढे घ्या आणि घर मोकळं करा. वेळ मात्र नेहमीच्या घरापेक्षा कितीतरी जास्त लागतो.

गोष्ट २०१२ सालची, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची. नवऱ्याची नोकरी जवळच्या फॉल्सम गावात आणि आम्ही भाड्याच्या घरात. तेजीत, २००५-०६ च्या सुमाराला घेतलेल्या घरांचे भाव धाडकन खाली आले होते. आमच्या बजेटात बसणाऱ्या घरांत बँकेनं ओढून घेतलेली आणि शॉर्ट सेलची घरंच जास्त. मुलगी झोपली की मी रोज विक्रीच्या घरांची वेबसाइट उघडून बसायचे.

सॅक्रामेंटोजवळच्या एल्क ग्रोव्हमधलं एक तीन बेडरूमचं घर फार आवडलं. किंमत १ लाख ७५ हजार डॉलर, समोर ठसठशीत हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे घर अजून विक्रीला आहे. शनिवारी बघायला गेलो. पुढची हिरवळ वाळून पिवळी पडलेली, मागच्या कुंपणावरून संत्र्यांनी लगडलेली फांदी बाहेर आलेली, दाराच्या मुठीला किल्लीची पेटी अडकवलेली. तिथूनच पाटीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाई सवयीच्या सुरात म्हणाल्या, ‘‘चार ऑफर आल्यात. एक फेब्रुवारीतच बँकेला पाठवली.’’ मग ॲक्टिव्ह कसं? ‘‘बँकेचं उत्तर कुठे आलंय अजून?’’

त्या संध्याकाळी आमच्या एजंटनं त्याच घराचा स्वतःकडचा कागद दाखवला. एजंटांच्या यादीत शेरा होता, ‘ॲक्टिव्ह शॉर्ट सेल कंटिंजंट’. म्हणजे मालकानं एका ऑफरवर सही केली आहे, बँकेच्या होकाराची वाट बघणं चालू आहे. वेबसाइटनं त्यातला पहिला शब्द तेवढा उचलला होता. किंमतही मालकाच्या एजंटनं अंदाजानं टाकलेली. बँकेत ती कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. गिऱ्हाईक यावं म्हणून आकडा मुद्दाम कमी ठेवणारेही असतात, असं तो म्हणाला. मला राग आला. मी त्या आकड्यावरून महिन्याचा हप्ता काढून, पडद्यांच्या खर्चापर्यंत पोचले होते.

दुसऱ्या घराला फोन करताना मी शहाणी झाले होते. आधीच विचारलं, बँकेकडे कुणाची ऑफर गेली आहे का? नव्हती. आमची पहिली. मालकानं सही केली आणि आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. पुण्याहून बाबांचा दर रविवारी फोन. ‘‘अगं, मालकानं सही दिली ना? मग अडलंय कुठं?’’ अडलं होतं दुसऱ्या कर्जाशी. त्या घरावर कर्जं दोन होती, दोन बँकांची, होकार दोघींचाही हवा, आणि ते मी विचारलंच नव्हतं. भाव एवढा पडलेला की पहिल्या बँकेचंच पुरतं भागत नव्हतं. दुसरीच्या वाट्याला पहिली सोडेल तेवढे काही हजार. त्यात २०११ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियात कायदा आला होता, की शॉर्ट सेलला एकदा हो म्हटलं की उरलेल्या रकमेसाठी मालकाच्या मागे लागता येत नाही. म्हणजे हो म्हणून हातात चणे-फुटाणे आणि हक्कही गेला. दुसरी बँक अडून बसली.

इकडे पहिल्या बँकेचा एक विभाग आमची फाइल तपासत होता, तर दुसरा विभाग लिलावाची तयारी करत होता. कॅलिफोर्नियात हे एकाच वेळी चालवण्यावर बंदी आली ती २०१३ च्या जानेवारीपासून. लिलावाची नोटीस कौंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात, नोंदवलेली, कुणालाही बघता येईल अशी. आम्ही पाहिलीच नाही. जुलैत एका सकाळी एजंटचा मेसेज आला, घर लिलावात गेलं. तीन महिन्यांची कागदपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटं, सगळं केराच्या टोपलीत. डिपॉझिट तेवढं वाचलं, कारण बँकेची मंजुरी आल्यावरच ते भरायचं असं करारात होतं.

जे घर शेवटी मिळालं, ते मी यादीतून कधीच उडवलं होतं, कारण त्याच्यावर ‘पेंडिंग’ लिहिलेलं, म्हणजे सौदा ठरलेला. एजंटच्या कागदावर त्यापुढे दोन शब्द जास्त होते, ‘ब्रिंग बॅकअप’, म्हणजे पहिला सौदा फिसकटला तर म्हणून दुसरी ऑफर आणा. तो म्हणाला, विचारून तर बघू. यावेळी प्रश्नांचा कागद मीच लिहून दिला. कर्ज एकच, फॅनी मेचं (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी, सरकारच्या आधारानं चालणारी कंपनी). लिलावाची तारीख लागलेली नाही. बँकेच्या माणसानं घर आतून बघून भाव काढलाय. आणि पहिला गिऱ्हाईक जानेवारीपासून ताटकळून कंटाळलाय. आम्ही बॅकअप ऑफर दिली. ऑगस्टमध्ये तो खरंच दुसरीकडे घर घेऊन मोकळा झाला.

त्याच्यासाठी होत आलेली मंजुरी आम्हाला मात्र चालत नाही. ती त्या माणसाच्या नावावर असते. आमच्या नावानं फाइल नव्यानं. पण १५ जूनपासून फॅनी मेच्या कर्जांना नियम लागू झाला होता, की पूर्ण फाइल हातात आल्यावर बँकेनं ३० दिवसांत उत्तर द्यायचं आणि ते जमलं नाही तरी फार तर ६० दिवसांत निकाल. आमचं उत्तर त्रेचाळिसाव्या दिवशी आलं, आणि आमच्या आकड्यापेक्षा चार हजार वाढवून मागितले. घासाघीस करायची ताकद उरली नव्हती. दिले. मालकीणबाईंशी आमचं नातं नाही, आतून काही देणंघेणं नाही, असं दोन्ही बाजूंनी लिहून दिलं आणि नोव्हेंबरात किल्ली मिळाली. घर ‘आहे तसं’, त्यामुळे डिशवॉशरच्या जागी ओट्याखाली चौकोनी भोक आणि लोंबणारी पाण्याची नळी.

मालकीणबाई एकदाच भेटल्या. गॅरेजचं दार अर्ध्यावर अडतं, तेव्हा खालून गुडघ्यानं जरा उचलून द्यायचं, हे त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. नवा पत्ता एका पावतीच्या मागे लिहून दिला. त्यांच्या नावाची बँकेची पाकिटं पुढे वर्षभर येत राहिली. मी त्यांच्यावर तो पत्ता घालून, कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीत टाकून यायचे.