चेन नवी, दाते जुने

गुहागरात सकाळ दोन आवाजांनी होते. एक समुद्राचा, तो काय बाराही महिने असतोच. दुसरा पाववाल्या चाचांच्या रबरी भोंग्याचा. त्या दिवशी मी माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या फळ्या काढत होतो आणि चाचा समोर येऊन उभे राहिले, भोंगा न वाजवता. सायकल हाताने ढकलत आणलेली. पायजमा गुडघ्यावर फाटलेला, पेटीच्या एका अंगाला जांभ्याची लाल माती.

"तुझी चेन उड्या मारते रे पोरा," एवढंच म्हणाले.

चेन मीच आदल्या संध्याकाळी घातलेली. जुनी इतकी ढिली झालेली की खड्ड्यात चाक गेलं की उतरायची. डब्यातून नवी ११२ कड्यांची काढली आणि दोन टोकं जोडणारं लॉक लावलं. लॉकची क्लिप माशासारखी दिसते. बाबांनी लहानपणीच शिकवलेलं, की चेनीच्या वरच्या बाजूला बघायचं, माशाचं तोंड पुढच्या चाकाकडे, शेपटी मागे. उलटा बसवलास तर कुठेतरी अडकून निघून जाईल. तेही बरोबर होतं. मागचं चाक सारखं करून चेनीला मधोमध बोटाने दाबून अर्धा-पाऊण इंच ढील ठेवली, सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवलं. सरसर फिरली.

चाचांनी तेव्हा विचारलं होतं, "फ्रीव्हील बघतोस का?" फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती. मी न बघताच म्हटलं, "चालतंय की चाचा, कशाला उगाच खर्च."

असगोलीच्या वाटेला चढ लागतो. पेटी भरलेली, चाचा पायडलवर उभे राहिले, सगळं वजन उजव्या पायावर, आणि चेन दात्यावरून टक् करून सटकली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा हँडलला, पेटी आडवी. शंभरेक पाव रस्त्यावर. कावळ्यांना निरोप कोण देतं कळत नाही.

मी सायकल उलटी केली आणि पहिल्यांदा मागच्या दात्यांकडे नीट बघितलं. माशाच्या गळासारखे वाकलेले. पुढचे ४४ दाते बरे होते, मागच्या १८ दात्यांची रया गेलेली. तसंच होणार. पायडल एकदा फिरलं की मागची चकती जवळजवळ अडीच वेळा फिरते.

जुनी चेन भंगाराच्या टोपलीतच पडली होती. ती खिळ्याला टांगली आणि बाबांची स्टीलची पट्टी लावली. चेनीची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून मोजलं तर चोविसावी कडी बरोबर बारा इंचांवर संपायला हवी. सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची. ही अष्टमांशाच्याही पुढे होती. म्हणजे अख्ख्या चेनीत अर्ध्या इंचाहून जास्त, एक पूर्ण कडी पदरची वाढलेली! लोक म्हणतात चेन ताणली. पत्रा कसला ताणतोय. आतली पिन आणि तिच्यावर फिरणारी नळी झिजते, एकेका सांध्यात केसाएवढी, आणि असे ११२ सांधे. चेन लांबत गेली तसे दातेही तिच्याच मापाने झिजत गेले. म्हाताऱ्या नवराबायकोसारखं दोघांचं एकमेकांशी जमलेलं. त्यात मी नवी आणून बसवली. हलक्या हाताने फिरवली तर ती गपचूप फिरते, जोर आला की वाकड्या दात्यावर चढते. स्टँडवर जोर कुठून येणार?

हे सगळं मी चाचांना पट्टी दाखवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग काल का नाही बोललास?"

मी फ्रीव्हीलच्या फटींत डिझेल सोडत राहिलो. त्यांचे पैसे वाचवतोय या समाधानात मी पट्टी हातात घेतलीच नव्हती. घेतली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

जुनं काढून नवं बसवायचं होतं, पण खाऱ्या हवेत फ्रीव्हील असं आवळतं की विचारू नका. एक तर प्रत्येक पायडलबरोबर ते आणखी घट्ट होतं, त्यात गंज. डिझेल मुरायला तासभर तरी हवा. इकडे पेटीत चांगले पाव उरलेले, गिऱ्हाईकं खोळंबलेली, चाचांचा गुडघा सुजायला लागलेला. मी त्यांना बाकावर बसवलं, पेटी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधली, भोंगा घेतला आणि निघालो.

चढाला लागल्यावर मला घाम फुटला. इतकी वर्षं मी या माणसाची सायकल दुरुस्त करतोय, पेटीसकट कधी चालवली नव्हती. मागचं वजन सायकलचं तोंड वर उचलू बघतं, बसून चढताच येत नाही. पायडलवर उभं राहावंच लागतं, आणि मग सगळा भार त्या पाच-सहा दात्यांवर. वर एका अंगणात भोंगा वाजवला तर आजी बाहेर आल्या. "तो कुठे गेला? आणि तू पाव कधीपास्नं विकायला लागलास?" सांगितलं, पडले म्हणून. "कुणी पाडलंन?" म्हणाल्या. मी सुट्टे पैसे मोजले.

परत येऊन फ्रीव्हीलच्या खाचांत पाना बसवला, तो शिकंज्यात धरला आणि चाकच मोटारीच्या स्टेअरिंगसारखं डावीकडे फिरवायला घेतलं. हलेना. शेजारच्या हॉटेलातला पोरगा हाताला लावला. दोघांनी जोर लावला तर एक खाच तुटली. मग शेवटचा उपाय. फ्रीव्हीलचं तोंडावरचं झाकण उलट्या आट्याचं असतं, उजवीकडे फिरवून सुटतं. छिन्नी लावून ते सोडवलं, आणि बारीक छर्रे पावसासारखे दुकानभर. (अजूनही झाडताना एखादा सापडतो.) उरला आतला गाभा, तो शिकंज्यात आवळून चाक फिरवलं तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. चाकाच्या आट्याला ग्रीस चोपडून नवं १८ दात्यांचं बसवलं. ग्रीसची खरी जागा ही.

चेनीवर नव्हे. आमच्याकडे लोक चेनीला बाहेरून ग्रीस थापतात, त्यात किनाऱ्यावरची वाळू चिकटते आणि चेन स्वतःलाच कानस मारत बसते. चाचा तर खोबरेल लावायचे. घरात असतं म्हणून. खोबरेल थंडीच्या सकाळी बाटलीत थिजतं, ते चेनीत काय वेगळं करणार? मी त्यांना तेलाची बुधली दिली. रात्री एकेका रोलरवर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, आणि सकाळी निघताना फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. तेल आत हवं. पावसाळ्यात हे चार दिवसांनी, एरवी पंधरवड्याने.

पैशांवरून वाद झाला. मी फ्रीव्हीलचेही घेत नव्हतो, ते सांडलेल्या पावांचे सांगत नव्हते. शेवटी त्यांनी फ्रीव्हीलची किंमत बाकावर ठेवली, मजुरी ठेवली नाही. मी मुकाट्याने घेतली.

या वेळी स्टँडवर फिरवून सोडलं नाही. हॉटेलातल्या पोराला कॅरिअरवर बसवलं आणि पुन्हा तोच चढ, पायडलवर उभं राहून, दोनदा. टक् झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या काढायच्या आधीच दारात भोंगा.

"पट्टी लाव."

"चाचा, एका दिवसात काय होतंय?"

"लाव तू."

लावली. बारा इंच, बरोबर. त्यांनी वाकून स्वतः बघितलं आणि निघाले. आता दर शुक्रवारी येतात, पट्टी खिळ्यावरून स्वतःच काढतात.