झोपू दे त्याला, सकाळी उतरेल

हॉस्टेलमधली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. रूममेट पिऊन आला, धाडकन गादीवर उताणा पडला आणि सगळे म्हणे झोपू दे, सकाळी उतरेल. मी पण तेच म्हणलं, खोटं कशाला बोलू. मग घशातून गुरगुर यायला लागली, बघतो तर उलटी तोंडातच, ढकलून कुशीवर केला तेव्हा कुठे खोकला.

नंतर कळलं की झोपल्यावर चढायचं थांबत नाही, पोटातली दारू रक्तात उतरतच राहते आणि लिव्हर आपल्याच स्पीडने चालतं, तासाला साधारण एक छोटा पेग, बस. कॉफी पाजा, थंड पाण्याखाली उभा करा, फार तर भिजलेला बेवडा मिळेल.

आणि ते 'मी रोज कुठे पितो' वालं लॉजिक तर सोडाच. दोनेक तासात पोरांनी ५, पोरींनी ४ ड्रिंक्स मारले की ते बिंज ड्रिंकिंग, म्हणजे आठवडाभर कोरडं राहून शनिवारी सगळं वसूल करणारे आपण त्यातच आलो. ब्लॅकआउट म्हणजे झोप नाही बरं का, माणूस चालतो, बोलतो, बाइकची चावी पण मागतो, फक्त मेंदूचं रेकॉर्डिंग बंद असतं. हेल्मेट, कंडोम, कोण हो म्हणलं कोण नाही, सगळं तिथेच निसटतं.

श्वास अडखळतोय, ओठ निळे पडलेत किंवा हलवून पण उठत नाही, तर सरळ अ‍ॅम्ब्युलन्स. घरी कळेल वगैरे नंतर बघू.

सकाळी उठून त्याने विचारलं, माझी उशी कुठंय? बादलीत भिजत होती.