तुम्ही विचारलंत म्हणून: गाईचं दूध सोसत नाही, मग बकरीचं द्यायचं का?

बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे म्हटलं की घरातली मोठी माणसं हमखास हेच विचारतात. उत्तर स्पष्ट आहे: नाही. त्रास होतो तो दुधातल्या केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांचा. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधात ती इतकी मिळतीजुळती असतात की शरीर तसंच बिथरतं. ए-टू दूधही (देशी गाईचं म्हणून विकलं जाणारं) म्हणूनच बाद. लॅक्टोज-फ्री पावडरीत साखर बदललेली असते, दुधाची प्रथिनं तशीच. इथे फार जण फसतात.

अंगावरचं दूध चालू असेल तर ते तोडू नका. आईनं दही, ताक, पनीर, खव्यासकट दुधाचं सगळं बंद करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं कॅल्शियम घ्यायचं, आणि फरक पडतो का ते पाहायला दोन ते चार आठवडे वाट पाहायची.

वरचं दूध द्यावंच लागलं तर बहुधा एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड पावडर दिली जाते. तिच्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात. त्यावरही शीतून रक्त जात राहिलं, वजन वाढेना, किंवा पहिली रिअ‍ॅक्शनच जिवावर बेतली होती, तर अमिनो अ‍ॅसिड फॉर्म्युला, म्हणजे प्रथिनांचे तुकडेही नसलेली, फक्त त्यांच्या सुट्या घटकांची पावडर. डब्यावर 'पार्शली हायड्रोलाइज्ड' (प्रथिनं अर्धवटच तोडलेली) असेल तर तो या बाळांसाठी नाही. सोयाची पावडर सहा महिन्यांच्या आत शक्यतो नको.

खरा घोळ होतो दूध कालवताना. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. उलट केलं तर प्रमाण चुकतं. चमचा त्याच डब्यातला, दाबून न भरता सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. एका चमच्याला किती पाणी, हे प्रत्येक डब्याचं वेगळं असतं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी वापरायचं (डब्यावर वेगळं तापमान दिलं असेल तर तेच पाळायचं), आणि कालवलेलं दूध कोमट झाल्यावर पाजायचं. पाजायला सुरुवात केल्यावर उरलेलं दूध तासाभरात फेकून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

हळहळ आम्हाला समजते. सुरुवातीच्या महिन्यांत किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली लागतं. पाच किलोच्या बाळाला ७५० मिली, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम चार दिवस पुरतो. म्हणून कुणी चमचा कमी टाकतं, आणि बाळ पोटभर पिऊनही सुकत जातं. डबा परवडत नसेल तर ते डॉक्टरांना सरळ सांगा. पाणी वाढवू नका.

हायड्रोलाइज्ड पावडरीच्या दुधाला वास येतो, चव कडवट असते, शी हिरवट होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साखर-मध घालू नका. मध तर वर्षाच्या आत नकोच.

पुष्कळ मुलांची ही अ‍ॅलर्जी पुढे निघून जाते, म्हणून डॉक्टर मधूनमधून दूध देऊन पाहतात. पण पूर्वी ओठ सुजले असतील, अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर घरी चमचाभर दूध चाटवून पाहायचं नाही. ती चाचणी दवाखान्यातच होते.