दीवला जाताय? मग गावात राहा

सोमनाथ-गीरच्या सहलीत दीव बहुतेक वेळा शेपटाला जोडलेलं असतं. बस नागवाच्या किनाऱ्यावर सोडते, मंडळी पाण्यात डुंबतात, उंटावर बसून फोटो काढतात, ज्यांना घ्यायची ते संध्याकाळी घेतात आणि सकाळी नाश्ता करून परत. मग घरी येऊन सांगतात, "ठीक आहे, आपल्या कोकणापुढे काही नाही." किनाऱ्यापुरतं बोलायचं तर खरंच आहे ते. पण दीवचा किनारा ही दीवमधली दुय्यम गोष्ट आहे. खरं बघायचंय ते गाव. म्हणून आधीच सांगतो: नागवाला खोली घेऊ नका, जुन्या गावात बंदर रोडच्या आसपास घ्या, आणि एका रात्रीऐवजी दोन रात्री ठेवा.

आधी नकाशा. दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला अगदी खेटून असलेलं, पूर्व-पश्चिम जेमतेम अकरा-बारा किलोमीटरचं बेट. पूर्वेच्या टोकाला किल्ला आणि जुनं गाव, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा ही मच्छीमारांची वस्ती, मध्ये नागवा आणि विमानतळ. घोघला दीवमध्येच मोडतं, पण ते पुलापलीकडे, मुख्य भूमीवर. २०११च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ५२ हजारच होती, त्यामुळे सोमवार ते गुरुवार गाव शांत असतं. शुक्रवारी संध्याकाळपासून गुजरातच्या गाड्यांची रांग लागते. कारण उघड आहे: गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित म्हणून इथे नाही. दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते नवीन वर्ष हा काळ तर टाळाच. खोल्यांचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी वांद्रे टर्मिनस ते वेरावळ थेट गाडी बरी. रात्र गाडीतच जाते आणि वेरावळहून दीव साधारण ९० किलोमीटर. सोमनाथ वेरावळला लागूनच असल्याने दर्शन उरकून पुढे निघता येतं. नकाशात दीवच्या जवळचं स्टेशन म्हणून देलवाडा दिसेल, पण मुंबईची गाडी तिकडे जात नाही. एसटीने जाणाऱ्यांनी उन्याची बस धरावी. तिथून दीव १५ किलोमीटर, रिक्षा मिळतात. विमानतळ आहे, पण त्याच्या भरवशावर बेत आखण्याआधी त्या महिन्याचं वेळापत्रक बघून घ्या. बेटावर फिरायला भाड्याची स्कूटर सगळ्यात सोयीची. मूळ लायसन्स जवळ ठेवा, आणि गाडी ताब्यात घेताना तिच्यावरच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

आता किल्ला. इथे आपल्या इतिहासाचा एक धागा सापडतो. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीजांकडे वळला. १५३४च्या तहात त्याने वसई आणि आसपासची बेटं त्यांना दिली, त्यात आपली मुंबईही आली, आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. दोनच वर्षांत, १५३७ मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नरला भेटून परतताना झालेल्या चकमकीत तो दीवच्याच समुद्रात मेला. पुढे १५३८ आणि १५४६ मध्ये किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यानंतर ढासळलेला तट उभारायला पैसे नव्हते, तेव्हा जुआंव द कास्त्रू या गव्हर्नरने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले, असं सांगतात. वसईचा किल्ला पाहिलेल्याला इथे पाऊल टाकताच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की वसई झाडोऱ्यात गेली आणि इथला तट अजून समुद्राशी थेट भिडलेला आहे. जमिनीच्या बाजूला खडक खोदून केलेला खंदक आहे, तो पुलावर थांबून नीट बघा. तटावरून समोर खाडीत जहाजाच्या आकाराचा पाणीकोठा, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, दिसतो. किल्ल्यात सावली जवळजवळ नाही. सकाळी लवकर जा, पाणी जवळ ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर तटाच्या कडांना कठडे नाहीत हे ध्यानात असू द्या.

किल्ल्यातून बाहेर पडलात की सेंट पॉल चर्च चालत दहा मिनिटांवर. १६१० मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च आजही चालू आहे. बाहेरची नक्षी आणि आतलं काळपट लाकडी कोरीवकाम दोन्ही बघण्यासारखं. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. मग नकाशा खिशात ठेवून गल्ल्यांत शिरा. निळी-पिवळी घरं, लाकडी सज्जे, आणि कितीतरी दारांना कुलपं. दीवची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोझांबिकला, पोर्तुगीजांच्याच आफ्रिकेतल्या वसाहतीत, गेली, नंतर लिस्बन आणि इंग्लंडला. गावात बोली गुजराती, हिंदी सगळीकडे चालते. एक गंमत सांगण्यासारखी: गोवा, दमण आणि दीव हा १९८७ पर्यंत एकच केंद्रशासित प्रदेश होता, आणि दीवचे खटले आजही मुंबई उच्च न्यायालयाच्याच कक्षेत येतात. गावाच्या पश्चिम तटातला झांपा दरवाजा लाल रंगवलेला आहे. त्यावरचे सिंह, देवदूत आणि पाद्री शोधा.

माझ्या मते मात्र दीवमधली सगळ्यात भारी जागा म्हणजे नायडा लेणी. लेणी म्हणतात, पण इथे मूर्ती नाही की चैत्य नाही. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढला, त्या खाणीच आहेत या. दगड चौकोनी चिरे पाडून काढल्यामुळे भिंतींना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आलाय. जवळ गेलात की छिन्नीचे तिरके घाव एकाखाली एक मोजता येतात. वर छताला भोकं पडलीत, त्यातून झाडांची मुळं खाली लोंबतात आणि उन्हाचे झोत जमिनीपर्यंत येतात. हे झोत बघायचे तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जा. चप्पल नको, बूट घाला. रीलवाल्यांची गर्दी असते, पण आतल्या दालनांपर्यंत फारसं कोणी येत नाही.

किनाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. पोहायला घोघला. ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेला किनारा आहे, लांब आणि स्वच्छ. नागवा घोड्याच्या नालासारखा वळलेला, देखणा आहे, पण संध्याकाळी तिथे पिऊन आलेल्यांचा गोंगाट असतो. बायका-मुलांसोबत असाल तर सकाळीच जाऊन या. तिथली होकाची झाडं मात्र चुकवू नका. ताडाच्या जातीची, पण खोडाला फांद्या फुटलेली. जालंधर खडकाळ, तिथे पाण्यात उतरू नका. सूर्यास्ताला चक्रतीर्थाजवळच्या खुकरी स्मारकावर जा. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी ही भारतीय नौदलाची युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. स्मारकात जहाजाची प्रतिकृती काचेत ठेवली आहे. फुदमच्या गंगेश्वराला जायचं तर भरतीची वेळ बघून जा. पाच शिवपिंडींवर लाट येऊन फुटते, ओहोटीला नुसता खडक दिसतो.

जेवणाबाबत अपेक्षा बेताच्या ठेवा. बेटावर मासळी उदंड, पण बरीचशी हॉटेलं गुजराती पाहुण्यांसाठी पनीर आणि काठियावाडी थाळी करतात. मासे हवे असतील तर आधी विचारा आजचं काय आहे, आणि तिखट सांगून करून घ्या, नाहीतर सगळं टोमॅटोच्या लाल रश्श्यात येतं. आपल्यासारखं वाटण, सोलकढी विसरा. तळलेला पापलेट आणि कोळंबी मात्र चांगली मिळते.

परतताना बाटली बॅगेत टाकायचा मोह आवरा. बेटातून बाहेर पडायचे रस्ते दोनच, तड आणि घोघला, आणि दोन्हीकडे गुजरात पोलिसांची तपासणी असते. एक बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो. तपासणीच्या रांगेत रविवारी बराच वेळ जातो, तेव्हा वेरावळची गाडी पकडायची असेल तर दोन तास हातात ठेवून निघा. गीरची सफारी जोडायची असेल तर तिची परवानगी आधीच ऑनलाइन काढा. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं.