मूल हेरा, पोर कॅटॅलिस्ट

आज दिवसभर डोक्यात दोन शेवट एकमेकांत मिसळत राहिले आहेत. एक 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेचा, जी मी ती संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी पाहिली. आणि दुसरा 'मास इफेक्ट ३' या गेमचा, जो सुट्टीसाठी लातूरला आलेल्या भाच्याने दुपारी माझ्यासमोर खेळून संपवला. मालिकेचा अंतिम भाग २० मार्च २००९ रोजी प्रसारित झाला आणि गेम मार्च २०१२ मध्ये बाजारात आला. मधल्या तीन वर्षांत गेम घडवणाऱ्या कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या लेखकांनी मालिका पाहिली असेलच असे मी म्हणणार नाही, पण जुळणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत की त्या लिहून ठेवाव्यात असे वाटले.

मूळ गोष्टच सारखी आहे. मालिकेत माणसांनी घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसांवर उलटतात, बारा वसाहती बेचिराख करतात आणि उरलेली पन्नासेक हजार माणसे जहाजांच्या ताफ्यातून वणवण फिरतात. गेममध्ये क्वारियन लोकांनी घडवलेले गेथ नावाचे यंत्रमानव त्यांच्यावर उलटतात आणि क्वारियन सुमारे तीनशे वर्षे आपल्या ग्रहाबाहेर, जहाजांतच जन्मतात आणि जहाजांतच मरतात. दोन्हीकडे वर एक मोठे चक्र आहे. मालिकेत 'हे पूर्वी घडले आहे आणि पुन्हा घडणार आहे' असे पात्रे पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात. गेममध्ये दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची अवाढव्य यंत्रे येऊन प्रगत जीवसृष्टी कापून नेतात. गावच्या सप्ताहात कीर्तनकाराच्या तोंडून चार युगांचा हिशेब ऐकत वाढलेल्या माणसाला चक्र या कल्पनेचा धक्का बसत नाही. आपल्याकडे ते फिरतच राहते आणि त्यात कोणाचा गुन्हा शोधला जात नाही. या दोन्ही कथांना मात्र ते मोडायचे आहे, आणि ते कोण मोडतो यावर दोन्ही शेवट तोलले गेले आहेत.

मला सर्वांत जास्त जाणवले ते स्वप्नांतले साम्य. मालिकेत राष्ट्राध्यक्ष रॉझलिन आणि माणसासारख्या दिसणाऱ्या सायलॉन अथीना व सिक्स या तिघींना एकच स्वप्न पडते: एका भव्य नाट्यगृहाच्या जिन्यांवरून लहानगी हेरा पळते आहे, त्या तिच्या मागे धावत आहेत आणि ती हाताला लागत नाही. गेमचा नायक कमांडर शेपर्ड याला करड्या, पानगळीच्या जंगलात एक मुलगा पळताना दिसतो, ज्याला पहिल्याच प्रसंगात तो डोळ्यांदेखत मरताना पाहतो. पावले जड, हालचाल मंद, आणि जवळ पोहोचावे तर मुलगा ज्वाळांत वेढलेला. भाच्याने तो प्रसंग पुन्हा लावून दाखवला तेव्हा मी त्याला हेराची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "मामा, पण ती खरी मुलगी आहे ना? हा तर नंतर भलताच कोणीतरी निघतो." त्याने एका वाक्यात माझे अर्धे काम केले. हेरा माणूस आणि सायलॉन यांची खरीखुरी लेक आहे. तिला आपण जन्मताना, चोरीला जाताना, परत मिळताना पाहिलेले असते. गेमच्या शेवटी त्या मुलाचे रूप घेऊन जो समोर येतो, तो कॅटॅलिस्ट, म्हणजे रीपरांना चालवणारी बुद्धी. ज्याने हे सारे केले तोच शेवटच्या दहा मिनिटांत शेपर्डला सांगतो की सजीव आणि यंत्रे यांचे भांडण कधीच मिटत नाही, आणि तीन पर्याय पुढे ठेवतो: यंत्रांचा नाश, यंत्रांवर ताबा, किंवा दोघांचे मीलन.

हे तिन्ही पर्याय मालिकेत आधीच येऊन गेलेले आहेत. मीलन म्हणजे हेरा, जी पुढे आजच्या सर्व माणसांची आदिमाता ठरते. ताबा तर माणसासारख्या दिसणाऱ्या सायलॉननीच आपल्या धातूच्या भाऊबंदांवर ठेवलेला असतो, आणि तो काढल्यावाचून काही सुटत नाही. नाश म्हणजे अँडर्स नावाच्या सायलॉनने सूर्यात नेऊन सोडलेला जहाजांचा सगळा ताफा. याशिवाय मालिकेत चौथी गोष्टही घडते. धातूच्या सायलॉनना एक जहाज देऊन, तुम्ही मोकळे आहात, असे सांगितले जाते. ते परत येतील की नाही याची हमी कोणालाच नसते, आणि ज्यांची घरे त्यांच्याच हातून जळली तीच माणसे हा निर्णय घेतात. गेममध्ये याच्या तोडीचा प्रसंग शेवटी नाही, मधेच आहे. रॅनॉक ग्रहावर, आधीचे निर्णय नीट घेतलेले असतील तर, क्वारियन आणि गेथ यांच्यात समेट घडवता येतो. त्यासाठी लीजन नावाचा गेथ स्वतःला संपवतो, आणि आयुष्यभर 'आम्ही' म्हणणारा तो मरताना पहिल्यांदा 'मी' म्हणतो. भाच्याने हा समेट घडवला होता. असे असताना कॅटॅलिस्ट 'हे कधीच मिटत नाही' म्हणतो तेव्हा शेपर्डला रॅनॉकचे नावही काढता येत नाही, याचा मला आज खरोखर राग आला.

एक गंमत नोंदवायला हवी. गेममधल्या जहाजाची बुद्धी असलेल्या ईडीला आवाज दिला आहे ट्रिशिया हेल्फर हिने, म्हणजे मालिकेतल्या सिक्सनेच. नाशाचा पर्याय निवडला तर ईडीही संपते. भाच्याने तोच निवडला होता.

शेवटानंतरचा शेवटही दोन्हीकडे आहे. मालिका दीड लाख वर्षे पुढे, आजच्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येते आणि खेळण्यातले यंत्रमानव नाचताना दाखवते. गेममध्ये फार पुढच्या काळात एक म्हातारा एका लहानग्याला शेपर्डची गोष्ट सांगतो, आणि तो आवाज चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनचा आहे. त्याआधी शेपर्डचे जहाज नॉर्मंडी एका हिरव्यागार ग्रहावर उतरते, जशी मालिकेतली माणसे पृथ्वीवर उतरतात.

इथे मालिकेवरही माझी तक्रार आहे. चाळीस हजारांच्या आत उरलेली माणसे, ली अडामा या तरुण नेत्याच्या सांगण्यावरून सगळे तंत्रज्ञान फेकून देऊन शेती करायला निघतात, आणि हे जणू पुण्यकर्म असल्यासारखे दाखवले आहे. शास्त्रज्ञ बाल्टर 'मला शेती येते' म्हणताना रडतो, तेवढा क्षण खरा वाटतो, कारण ज्या शेतीची लाज बाळगून त्याने घर सोडले तिच्याकडेच तो परततो. बाकीचे मात्र उतरले आणि पांगले. औशाजवळ शेती करणाऱ्या दादाला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "अन् बी कुठून आणलं? पहिल्या साली पाऊस आला नाही तं?" २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथल्या शेतकऱ्याला औषधे आणि पंप सूर्यात ढकलून देणे हा शहाणपणा वाटणार नाही, आणि मलाही वाटत नाही.

तरीही माझे मत मालिकेच्या बाजूने झुकते. तिथे चूक असली तरी ती माणसांची आहे. गेमच्या शेवटावर २०१२ साली इतका गदारोळ झाला की चाहत्यांनी बायोवेअरला तिन्ही शेवटांच्या रंगांचे, लाल, निळे आणि हिरवे शेकडो कपकेक पाठवले, ज्यांची चव एकच होती. मग २६ जून २०१२ रोजी शेवट वाढवून मोफत देण्यात आला, आणि त्यात तिन्ही पर्याय नाकारण्याची सोय आली. मुलावर गोळी झाडली की त्याचा आवाज एकदम रीपरसारखा घोगरा होतो आणि तो संवाद तिथेच संपवतो. सगळे हरतात. पण शेपर्डची सहकारी लियारा हिने पुरून ठेवलेली माहिती पुढच्या चक्रातल्या जिवांना सापडते, आणि रीपर त्यांच्यापुढे टिकत नाहीत. भाच्याला हा शेवट शिक्षेसारखा वाटतो. मला चारांपैकी हाच पटतो, कारण त्यात शेपर्ड गुन्हेगाराचा प्रश्नच मान्य करत नाही.