फावडं सगळ्यात खाली होतं

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढा ओलांडताना आमची गाडी रुतली. मागचं डावं चाक गाळात पार ॲक्सलपर्यंत गेलं आणि गाडीचा मागचा भाग काठाला टेकला. आमच्या गाडीचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो, तो चार बोटंसुद्धा उघडेना. फावडं, गाडी ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा गाडीला अडकवायची लोखंडी कडी) असं सगळं सामान आत होतं, पण तंबू आणि कपड्यांच्या पिशव्यांखाली. शेवटी एकजण मागच्या सीटवरून आत शिरला आणि एकेक पिशवी खिडकीतून बाहेर देत राहिला. फावडं हाती यायला वीस मिनिटं लागली. गाडी बाहेर निघायला तेवढाही वेळ लागला नाही.

फोर-बाय-फोर गाड्या घेऊन कच्च्या वाटांवर जायचं, दोन गाड्या, चार माणसं आणि तीन दिवस असा आमचा बेत होता. पहिला दिवस दगडधोंड्यांच्या चढाचा, दुसरा ओढ्यांचा आणि चिखलाचा, तिसरा वाळूचा. निघण्याआधी दोन आठवडे आम्ही यादी करत होतो. यादीत काही राहिलं नव्हतं. सामान कुठे ठेवायचं, हे मात्र आम्ही डिकी भरताना जागा मिळेल तसं ठरवलं. तुम्ही निघणार असाल तर माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच: रुतल्यावर जे लागतं ते सगळ्यात शेवटी भरा, आणि मागचा दरवाजा उघडणारच नाही असं धरून चाला. त्याच रात्री आम्ही सगळं सामान बाहेर काढून पुन्हा लावलं. फावडं मागच्या सीटच्या पायाशी आलं, पट्टे आणि शॅकल एका पिशवीत बाजूच्या दाराशी. अग्निशामक आणि सीटबेल्ट कापायची सुरी चालकाला बसल्या जागेवरून घेता येईल अशी ठेवली, आणि प्रथमोपचाराची पेटी शेजारच्या सीटखाली.

आता पट्ट्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. ताणणारा नायलॉनचा पट्टा आणि न ताणणारा साधा टो-पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला ओढताना लांबतो आणि रुतलेल्या गाडीला धक्का न देता जोर लावतो. दुसऱ्याने झटका मारला तर हुक उखडतो. ताणणाऱ्या पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोघींपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असावी. शॅकल वजनाचा आकडा कोरलेलंच घ्या. १९ मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर सहसा ४.७५ टन लिहिलेलं असतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. दोन पट्टे शॅकलने एकमेकांना जोडणंही तितकंच वाईट. आम्ही पट्ट्याच्या मधोमध ओलं जाड कापड टाकलं आणि चालकांखेरीज सगळ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांबीपेक्षा दूर उभं केलं.

पण ओढण्याआधी खणा. चाकांपुढचा आणि गाडीच्या पोटाखालचा गाळ काढला, चारही टायरची हवा १६ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणली, चाकांपुढे ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, सरकवले. मग दुसऱ्या गाडीने अगदी हळू ओढलं, आणि पहिल्याच खेपेला गाडी वर आली.

हवा कमी करणं हे सगळ्यात स्वस्त साधन आहे, त्यामुळे प्रेशर गेज आणि कम्प्रेसर या दोन गोष्टी विसरू नका. दगडांवर आम्ही २० ते २२ ठेवलं, वाळूत १५ ते १६. त्याखाली गेलं की वळणावर टायर रिममधून निसटण्याची भीती असते. कमी हवेवर वेगाने चालवायचं नाही, आणि पक्का रस्ता लागला की तिथेच थांबून हवा भरायची. कम्प्रेसर थेट बॅटरीला जोडणारा घ्या आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

पंक्चरचं किट घ्याच, पण टायरची बाजू फाटली तर ते कामाचं नाही, तिथे स्टेपनीच लागते. पहिल्याच दिवशी एका धारदार दगडाने आमच्या मागच्या टायरची बाजू चिरली. गाडीबरोबर आलेला जॅक मातीत खचत होता. १८ मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा खाली घातला तेव्हा काम झालं. चाकाचे नट घरीच एकदा पान्याने सोडवून पाहा. ते यंत्राने आवळलेले असले तर हाताला दाद देत नाहीत, म्हणून पान्यावर चढवायला लोखंडी पाइपचा तुकडा बरोबर असू द्या. डोक्याला बांधायचा हेडलॅम्प माणशी एक. टॉर्च हातात धरून चाक बदलता येत नाही.

वजनाचं म्हणाल तर जड ते खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, सीटला लागून. टपावर फक्त हलकं, कारण आडव्या उतारावर टपावरचं प्रत्येक किलो गाडी कलंडवायला मदत करतं. टपाच्या मर्यादेत कॅरियरचं वजनही धरा. सामान बांधायचे रॅचेटचे पट्टे पहिल्या अर्ध्या तासानंतर पुन्हा आवळावे लागतात, सामान हादऱ्याने बसतं.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर, दोन-तीन डब्यांत वाटून. एक फुटला तरी बाकीचं उरतं. इंधनाचा नेहमीचा हिशोब लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराने चालवायच्या गिअरमध्ये, कोलमडतो. आम्ही दीडपट धरलं होतं, चिखलाच्या दिवशी ते जेमतेम पुरलं. तुम्ही दुप्पट धरा. जादा इंधनाचा कॅन माणसं बसतात तिथे ठेवू नका, आणि भरताना तो जमिनीवर ठेवूनच भरा.

नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, शिवाय एक कागदी ठेवा. आमच्या वाटेवर दीड दिवस सिग्नल नव्हता. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवडत असेल आणि ते वापरायची परवानगी असेल तर नक्की घ्या. आमच्याकडे नव्हतं, पुढच्या खेपेला ते यादीत पहिलं असेल.

परतल्यावर पट्टे साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. नायलॉन ओला असला की कमकुवत होतो, आणि आत अडकलेली वाळू त्याचे धागे कापत राहते. बदललेल्या चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आमचे दोन सैल निघाले.