सोलापूरचं जड पाणी आणि घरातल्या झाडांवरची कीड

कडुनिंबाचं तेल मारलं, साबणाचं पाणी मारलं, तरी कीड हटत नाही, ही तक्रार सोलापुरात घरोघरी ऐकू येते. औषध बदलायच्या आधी फवारणीच्या पंपात कुठलं पाणी भरलंय ते बघा. बहुतेकदा खोट तिथंच असते.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, म्हणून ते जड. साबण या क्षारांशी लगेच बांधला जातो आणि त्याची पांढरी साय तयार होते. साबण कीड मारतो तो तिच्या अंगावरचा मेणाचा थर आणि खालची त्वचा फोडून, तेही ओला असेपर्यंतच. साय झालेला साबण ते काम करू शकत नाही. वर ती साय पानांवर वाळते आणि पंपाची नोझलही तुंबते. पाणी तपासायला पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साध्या साबणाचा चिमूटभर किस टाका आणि जोरात हलवा. फेस न येता दह्यासारख्या कण्या दिसल्या, तर ते पाणी फवारणीला घेऊ नका. ही तपासणी भांड्यांच्या लिक्विडनं करू नका. ते डिटर्जंट असल्यामुळे जड पाण्यातही फेसाळतं, आणि पानांचं स्वतःचं मेणही धुऊन काढतं.

फवारणीसाठी आरओचं शुद्ध पाणी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्यावं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. पाणी उकळल्यानं थोडेच क्षार खाली बसतात, सगळे नाही.

यातलं काहीच हाताशी नसेल तर रिठा वापरा. रिठ्याच्या फेसाला जड पाणी बाधत नाही, म्हणून सोलापूरसाठी साबणापेक्षा रिठा मला जास्त भरवशाचा वाटतो. शिकेकाई मिळते त्याच दुकानात तो मिळतो. ५-६ रिठे फोडून बिया काढा, टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १० मिनिटं उकळा, कुस्करून फडक्यानं गाळून घ्या. एक लिटर फवारणीला यातलं ५० मिली पुरतं.

कडुनिंबाच्या तेलाचं प्रमाण लिटरला ५ मिली. ते थेट पाण्यात ओतू नका. छोट्या बाटलीत ५ मिली तेल आणि ५० मिली रिठ्याचं पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा, मग थोडं थोडं करत उरलेलं पाणी मिसळा. थंडीत तेल गोठलं असेल तर बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. फवारताना पंप मधेमधे हलवत राहा. तेल वर तरंगायला लागलं की शेवटच्या घोटात ते जवळपास निव्वळ येतं आणि पानं करपतात. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवा, कारण त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात आणि क्षारयुक्त पाण्यात लवकर मोडतो. शेती औषधांच्या दुकानातलं तयार निमअर्क मात्र पाण्यात आपोआप मिसळतं, त्यात रिठा किंवा साबण लागत नाही. त्यात ॲझाडिरॅक्टिन किती ते बाटलीवर पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. १५०० पीपीएमचं साधारण लिटरला ५ मिली आणि १०,००० पीपीएमचं १ ते २ मिली घेतात. तरी बाटलीवरचं प्रमाण वाचूनच वापरा.

नव्या झाडावर आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. फर्न आणि जाड, मांसल पानांच्या झाडांना तेल सोसत नाही. शिवाय कडुनिंबानं कीड लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं थांबतं, कात टाकणं बिघडतं. परिणाम दिसायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी डबल डोस मारू नये.

एप्रिल-मे मात्र वेगळे. पारा ४० च्या वर जातो आणि संध्याकाळी सातलाही हवा तापलेली असते. ३२ अंशांच्या वर पानावर तेल बसलं की पान भाजतं. आणि नेमका याच दिवसांत लाल कोळी माजतो. पानांवर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके, पानाखाली बारीक जाळी, नंतर पान मातकट. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर कोळीच. हा आठ पायांचा जीव, कोळ्याच्या जातीचा. उष्ण, कोरड्या हवेत तो आठवडाभरात अंड्यातून पूर्ण वाढतो, म्हणून एकदा धुऊन भागत नाही.

उन्हाळ्यात तेल बाजूला ठेवा आणि कोळ्यावर पाणीच वापरा. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे पाइपनं झाडं धुण्याची चैन नको. एक बादली पुरते. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून माती अडवा, झाड उलटं धरा आणि पानं बादलीत चार-पाच वेळा घोळवा. पानांची खालची बाजू बोटांनी पुसा. निरोगी झाडं आधी आणि कीडवाली शेवटी घ्या, नाहीतर बादलीतून कीड सगळीकडे जाईल. दर तीन दिवसांनी, निदान पाच वेळा. पहाटे करा आणि झाड दिवसभर सावलीत ठेवा.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण डाळिंब-द्राक्षवाल्यांच्याही ओळखीचा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात. त्यावरच्या मेणामुळे फवारलेलं पाणी घसरून जातं. थोडे असतील तर मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीनं एकेकाला लावा. ते नैसर्गिक म्हणता येणार नाही, पण उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. जास्त असतील तर आधी जुन्या टूथब्रशनं पुंजके फोडा, मग रिठा-तेल मारा. दर सात दिवसांनी तीनदा मारावं लागतं, कारण पुंजक्यातली अंडी वाचतात. कढीपत्त्यावरचे, रबर प्लांटवरचे तपकिरी खवलेही असेच घासून काढायचे. आणि मुंग्या थांबवा. या किडींचा चिकट गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या किडींना जपतात आणि त्यांच्या शत्रूंना पळवून लावतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवले तरी काम होतं, फक्त झाडाची फांदी भिंतीला टेकलेली नको.

मावा येतो तो गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आगेमागे, थंड, ढगाळ दिवसांत. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा बोटानंच चिरडला तरी पुरे. शेंड्यावर काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर मारू नका. ते लेडीबर्डचं पिल्लू आहे, मावा खाऊन जगतं.

कुंडीतली काळी चिलटं म्हणजे जास्त पाणी. वरचा इंचभर थर वाळू द्या, त्यावर बोटभर जाडीची वाळू पसरा आणि पिवळा चिकट कागद लावा.

बिडीच्या धंद्यामुळे आपल्या शहरात तंबाखूचा चुरा सहज मिळतो आणि ‘नैसर्गिक’ म्हणून त्याचा काढा सुचवला जातो. घरात तो अजिबात करू नका. निकोटिन हातांच्या त्वचेतूनही अंगात जातं, लहान मुलांना आणि मांजरांना ते फार घातक असतं. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरची, टोमॅटोच्या रोपांवर येऊ शकतो.

व्हर्टिसिलियम ही कीड खाणारी बुरशीची पावडर शेती दुकानात मिळते. तिला दमट हवा लागते, म्हणून मेमध्ये मारली तर पैसे वाया जातात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत, संध्याकाळी, पानं भिजतील अशी पिठ्या ढेकणावर आणि पांढऱ्या माशीवर मारा.